बिनखिडकीची गाडी

काचा पुसायच्या भागीरथानं, आणि त्या कामासाठी मोटार पसंत करायला निघाले तीन पुरुष. तिघांपैकी एकानंही जन्मात कधी काचेला फडकं लावलेलं नव्हतं. मुखरू हा भागीरथाचा नवरा. त्याचं काम बैल हाकायचं आणि कागदावर सही करायचं. गुणवंतराव गावचे मालगुजार, म्हणजे सहा वर्षांपूर्वीपर्यंत होते. सरकारनं त्यांची मालगुजारी काढून घेतली, पण प्रत्येक गोष्टीत मत देण्याचा त्यांचा हक्क काढून घ्यायला मात्र ते विसरलं. तिसरा इसरू ड्रायव्हर. त्याला निदान मोटार चालवता येत होती, त्यामुळे त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

ही गोष्ट सत्तावन सालच्या हिवाळ्यातली. आदल्या वर्षी राज्य बदललं, चांदा जिल्हा मुंबईकडे गेला, आणि जुन्या साहेबांच्या जागी पुण्याकडचे नवे साहेब आले. नव्या साहेबांना सगळं लवकर हवं होतं. नागभीडपासून अहेरीपर्यंत जंगलातले अकरा बंगले, दौऱ्यावर निघालेल्या साहेबांच्या मुक्कामाचे. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या काचा पुसण्याचा ठेका मुखरूच्या नावावर असे. नवरा-बायको रेंगीला बैल जुंपून निघायचे आणि सव्वा महिन्यानं परत यायचे. यंदा कचेरीतून पत्र आलं की अकराही बंगले पंधरा दिवसांत झाले पाहिजेत. रेंगीनं ते होणं शक्य नव्हतं. मोटार लागणार होती, हे भागीरथालाही कळत होतं. मोटारीबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. तिची तक्रार तिघांच्या डोक्यांबद्दल होती.

भागीरथा चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. तिचा बाप नागभीडच्या वाटेवरच्या बंगल्यावर चौकीदार होता. तिथे राहायला येणाऱ्या गोऱ्या मडमा काचेवरून बोट फिरवून बघत आणि बोट मळलं तर बापाला सगळ्यांसमोर झापत. म्हणून बापानं काच पुसण्याची विद्या अशी कमावली की पुढे पुढे मडमांना बोट फिरवायची लाज वाटू लागली. तीच विद्या त्यानं लेकीला दिली. तुराट्या जाळायच्या, त्यांची राख जुन्या धोतराच्या कापडातून तीनदा गाळायची, आणि वापरण्याआधी चिमूटभर स्वतःच्या गालावर चोळायची. गालाला टोचली तर ती राख भांड्यांची, नाही टोचली तर काचेची. मग ओलं फडकं, मग सुकं फडकं, आणि शेवटी वर्तमानपत्राचा बोळा. लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून ती शिडीवर चढली की मुखरू खाली शिडी धरून बिडी ओढत उभा राही. वर्षानुवर्षं शिडी धरून धरून त्याचा असा समज झाला होता की काचा आपणच पुसतो.

एरवी भागीरथा गावात कोणाच्या अध्यात ना मध्यात. धानाच्या बांधीत वाकायची, घरात राबायची. लेक चंदा लग्न होऊन गेली होती. पण हिवाळ्यातला तो सव्वा महिना तिचा स्वतःचा होता. बंगल्याच्या आत उभं राहून ती आपण पुसलेल्या काचेतून बाहेर बघायची, आणि काच मध्ये आहेच की नाही हे बाहेरच्या चौकीदाराला कळायचं नाही. अकराही बंगल्यांवरचे चौकीदार तिला नावानं ओळखत, तिच्यासाठी चहा ठेवत. आपल्या हातातलं काही या जगात चांगलं होतं हे तिला तिथेच कळे. तेवढं एक तिच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये, याहून तिचं मागणं जास्त नव्हतं.

पहिली गाडी तिनंच पाहिली. ब्रह्मपुरीच्या बाजारात मिशनच्या दवाखान्याची एक जुनी करड्या रंगाची व्हॅन विकायला उभी होती. आजारी माणसांना खेड्यापाड्यांतून आणायला ती वापरत. भागीरथानं बाजाराची पिशवी बाजूला ठेवली आणि सरळ मागचं दार उघडून आत शिरली. आतला पाटा जमिनीपासून हातभरच उंच. एका बाजूला लांब बाक, त्यावर दोन माणसं ऐसपैस बसतील. दुसऱ्या बाजूला रोग्याची खाट ठेवायची मोकळी जागा. तिनं हात पसरून मापली, शिडीचे दोन्ही तुकडे तिथे सहज मावत होते. बादल्या अडकवायला आकडे, वर सामान बांधायला जाळी, दोन्ही अंगाला सरकत्या काचा. त्या काचाही तिनं नखानं वाजवून पाहिल्या. कंपौंडरानं विचारलं, बाई, कोण आजारी आहे? ती म्हणाली, कोनी नाई, भाऊ, मी कामाले जाऊन राह्यली.

घरी येऊन तिनं मुखरूला सांगितलं, "चंदाचे बाबा, तेच घ्या. त्याच्यात समदं मावते. मीबी."

मुखरूला गाडी पटलीही असती. पण मुखरूला एखादी गोष्ट पटायची तर ती आधी गुणवंतरावांना पटावी लागे. गुणवंतरावांनी अर्धी रक्कम घालायचं कबूल केलं होतं, त्यामुळे ते आता भागीदार होते, आणि भागीदार नसते तरी ते आलेच असते. सन अडतीसमध्ये एकदा डिप्टी कमिशनरानं त्यांना आपल्या मोटारीत बसवून नदीपर्यंत नेलं होतं. त्या मोटारीतून गुणवंतराव अजून खाली उतरलेले नव्हते. शिवाय पंचक्रोशीत बैलाची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही, असं ते स्वतः सांगत.

दुसऱ्या दिवशी तिघं व्हॅन बघायला गेले. गुणवंतरावांनी बैल बघतात तशी तिची पाहणी चालवली. पुढून तोंड बघितलं, मागे जाऊन शेपटाची बाजू बघितली. टपावर एक थाप मारली आणि अंग थरथरतं का म्हणून थांबले. पत्र्याचं अंग थरथरलं नाही. मग त्यांनी इसरूला ती दहा पावलं चालवून दाखवायला सांगितली आणि मान वाकडी करून चाल बघितली. इसरू म्हणाला, इंजन झकास हाय. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"चाल बरी हाय," गुणवंतराव म्हणाले, "पण गाडी अपशकुनी हाय. हिच्यात मुडदे नेले असन. अन् रंग पाय ना रे मुखरू. राख फासल्यावानी. अशी गाडी बंगल्यात घुसली तं साहेब म्हनन, कोन मेलं?"

मुखरू हसला. झालं, मिशनच्या गाडीचा निकाल लागला. भागीरथानं ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मुडद्यांनी कधी काच मळवलेली आपण पाहिली नाही, मळवतात ती जिवंत माणसंच. मुखरूनं ते गुणवंतरावांना जाऊन सांगितलं नाही. त्याला तेवढी अक्कल होती.

दुसरी गाडी नागभीडला होती. एका बिडी कारखान्यानं जाहिरातीसाठी फिरवून फिरवून आता विकायला काढलेली. लाल आणि हिरवा रंग, चारही बाजूंना पिवळी वेलबुट्टी, टपावर कर्णा, आणि दोन्ही अंगांवर एक मिशाळ माणूस बिडी ओढताना काढलेला. त्या माणसाकडे गुणवंतराव बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या मिशीला हात लावला. मुखरू कधी नव्हे तो वेळेवर बोलला, "मालक, हे तं तुमीच."

त्यानंतर गाडीत बघण्यासारखं काही उरलं नाही. पुढची बैठक मऊ होती, गादीची, तिच्यावर तिघं बसत. गुणवंतरावांनी बसून बघितलं, दोनदा वरखाली झाले, भोंगा वाजवून बघितला. मागचा भाग म्हणजे नुसती बंद पेटी. कर्ण्याचं यंत्र आणि बिड्यांची खोकी ठेवायला केलेली. तिला ना बाक, ना खिडकी, आणि उंची अशी की मोठं माणूस आत गेलं तर गुडघ्यांत मान घालूनच बसेल. शिडी आत मावत नाही हे इसरूनं दाखवून दिलं. शिडी बंगल्यावर कुठीबी भेटते, असं गुणवंतराव म्हणाले. बंगल्यावर शिडी असती तर ही मंडळी इतकी वर्षं स्वतःची शिडी कशाला ओढत होती, हे विचारायला तिथे भागीरथा नव्हती. सौदा बैलबाजारातल्या रीतीनं उपरण्याखाली बोटं धरून, खुणेनं भाव ठरवत करायचा गुणवंतरावांचा आग्रह. कारखान्याच्या मुनीमाला वाटलं, म्हातारा प्रेमानं हात धरतोय, म्हणून त्यानंही प्रेमानं दाबला. शेवटी तोंडानंच बोलावं लागलं.

गाडी गावात आली तेव्हा तिच्या बोनेटवर बैलाची घुंगरमाळ बांधलेली होती. सगळा गाव गोळा झाला. लक्ष्मी घरी आली म्हणून गुणवंतरावांनी भागीरथाला तिच्या चारही चाकांवर पाणी घालून ओवाळायला लावलं. भागीरथानं पाणी घातलं, कुंकू लावलं, दिवा फिरवला. रंगवलेला मिशाळ माणूस तिच्या डोक्यावरून धूर सोडत होता. ओवाळून झाल्यावर ती गाडीभोवती एक फेरी मारून आली, मागचं दार उघडून आत डोकावली, आणि दार लावून घेतलं.

"काचा पुसाच्या गाडीले एकबी खिडकी नाई," ती म्हणाली. "अन् मले कुठी बसाचं?"

खरं म्हणजे त्या तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात हा प्रश्न आलेला नव्हता. रंग बघितला, चाल बघितली, शकुन बघितला, मिशा बघितल्या. काम कोण करतं तेवढं बघायचं राहून गेलं. मुखरूनं गुणवंतरावांकडे बघितलं.

गुणवंतराव म्हणाले, "बाई, तुले आता कायले दगदग? पुढं आमी तिघं. माह्या मांडीले मांडी लावून तं तू बसत नाई. अन् काच पुसनं म्हनजे का वेद वाचनं हाय? हा मुखरू पंधरा वर्सं तेच करून राह्यला."

"हो ना," मुखरू म्हणाला.

त्या 'हो ना'नं भागीरथाच्या अंगाची लाही लाही झाली. मालगुजाराचं तिला काही नव्हतं. तो परका, उंटावरचा शहाणा. पण हा माणूस पंधरा वर्षं खाली उभा राहून तिच्या पायांकडे बघत आला होता, आणि वर काय चाललंय ते त्यानं एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. ती घरात निघून गेली. राखेचा डबा चुलीमागे होता. मुखरूनं तो मागितला नाही, आणि तिनंही दिला नाही.

पाचव्या दिवशी गाडी अचानक परत आली. मुखरू खाटेवर पडला. काय झालं ते इसरूनं अंगणात बसून चहा पिता पिता सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

मंडळी थेट कोसमटोल्याच्या बंगल्यावर गेली होती. अकरांत सगळ्यात मोठा तो. त्याच्या व्हरांड्याला जमिनीपासून छपरापर्यंत काचा. राख हवी म्हणून मुखरूनं वाटेवरच्या धानगिरणीतून कोंड्याची राख दोन पोती भरून घेतली. आपल्या भागात पितळेची भांडी कोंड्याच्या राखेनं घासतात, दातही तिनंच घासतात. मग काचेला काय धाड भरली आहे, असा त्याचा हिशोब. चमक यावी म्हणून गुणवंतरावांनी तिच्यात विटकरीची भुकटी घालायला सांगितली. शिडी नव्हती, म्हणून मुखरू मेजावर खुर्ची ठेवून चढला आणि पाण्याचा पितळी गुंड घासावा तशा दोन दिवस काचा घासल्या. चौकीदार जंगू पहिल्या दिवसापासून एकच विचारत होता, बाई कुठी हाय? तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा दिसलं की प्रत्येक काचेवर वर्तुळंच वर्तुळं उठली आहेत. काच पांढरी धुकट झाली होती. बाहेरचं झाड दिसत नव्हतं, की झाडाखाली उभा जंगूही.

"मंग मालक का म्हनाले?" भागीरथानं विचारलं.

"म्हनाले, थंडीनं वाफ धरली असन. दुपारपावतर थांबलो आमी, वाफ उतरते म्हून."

भागीरथा हसली. पोट धरून हसली, कितीतरी वर्षांत हसली नव्हती तशी. मग तिला त्या व्हरांड्याची आठवण झाली, जिथे ती दरवर्षी एक सबंध दिवस बसून काढायची, आणि हसू गेलं. घासलेली काच पुन्हा काच होत नाही, हे तिला बापानं सांगितलं होतं. ती उठली आणि मुखरूला म्हणाली, "उठा. बैल जुंपा. राह्यले ते दहा बंगले मी करतो, पंधरा दिवसांत नाई तं वीस दिवसांत. साहेबाच्या पाया पडू."

मुखरू उठलाही. अंगात जरा जीव आल्यासारखा तो रेंगीकडे गेला. वंगण शोधू लागला. तेवढ्या अर्ध्या तासात भागीरथाला आपला नवरा बरा वाटला, आणि अकरातले दहा आपले राहिले याचं तिला समाधान झालं.

एवढ्यात कचेरीचा चपराशी सायकलवरून पत्र घेऊन आला. पत्र गुणवंतरावांनी वाचलं, आधी मनात भीत भीत, मग मोठ्यानं. पुण्याकडचा नवा साहेब ठरल्याआधीच कोसमटोल्याला मुक्कामाला गेला होता. त्याला व्हरांडा फार आवडला होता. पूर्वीच्या लोकांनी बंगल्यांना अशा नागड्या काचा ठेवून साहेबांना चौकीदारांच्या नजरेसमोर उघडं पाडलं होतं. ठेकेदारानं स्वतःच्या कल्पनेनं त्या काचांना परदेशी धर्तीचं धुरकट काम केलं, ही गोष्ट कौतुकाची आहे. उरलेल्या दहाही बंगल्यांना असंच काम व्हावं. खाली आणखी एक ओळ होती: ठेकेदाराची रंगीत मोटार वाटेत पाहून, हे काम गबाळ्या माणसांच्या हाती नाही, याची साहेबांना खात्री पटली.

गुणवंतरावांनी पत्राची घडी केली आणि मिशीला पीळ भरला. "म्या म्हनलंच होतं," ते म्हणाले. काय म्हणाले होते ते कोणी विचारलं नाही. मुखरूनं वंगणाचा डबा खाली ठेवला.

माणसं मूर्ख असतात याचं भागीरथाला कधी नवल वाटलं नव्हतं. पण मूर्खपणाला सरकारी शिक्का मिळतो आणि वर शाबासकीही, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिला राग आला, आणि रागाच्या खाली भीतीसुद्धा वाटली. दुसऱ्या दिवशी गाडी अहेरीकडे निघाली, मागच्या पेटीत राखेची नऊ पोती भरून. राखेला जागा होती.

बंगल्यामागून बंगला आंधळा होत गेला. बातम्या बाजाराच्या दिवशी कळत. दहा दिवसांनी कळलं की आता एकच राहिला आहे, नागभीडच्या वाटेवरचा, तिच्या बापाचा. भागीरथानं स्वतः बैल जुंपले. बाईनं रेंगी हाकलेली गावानं बघितली, आणि गावाला जे बोलायचं ते गाव बोललं.

ती पोचली तेव्हा चौकीदार बाजाराला गेला होता. तिनं किल्ली कुठे असते ते शोधून काढलं, कासोटा खोचला, आणि दिवसभर बंगल्याच्या सगळ्या काचा पुसल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं. चिमूटभर राख गालावर चोळली ती सवयीनं. चौदा काचा. शेवटची पुसून झाल्यावर ती आतल्या खोलीत जमिनीवर बसली आणि बाहेर बघत राहिली. आवारातली विहीर, चिंचेचं झाड, पार रस्त्यावर चरणारी गुरं, सगळं जसंच्या तसं दिसत होतं. बाप असता तर त्यानं बोट फिरवून बघितलं नसतं, एवढी तिला खात्री होती.

मग भोंगा वाजला. लाल-हिरवी गाडी आवारात शिरली. गुणवंतराव उतरून चिंचेखाली बसले. मुखरूनं रेंगी ओळखली, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पोतं ओढत भिंतीपाशी आला. काचेतून त्याला बायको दिसली. तो जरा ओशाळला.

"तू इथी?" तो बाहेरून म्हणाला. "साहेबाचा हुकूम हाय, चंदाची माय. माह्या हातात का हाय?"

भांडायची भागीरथाची फार इच्छा होती, पण कोणाशी भांडायचं? हुकूम साहेबाचा, अक्कल मालगुजाराची, आणि हा माणूस नुसता हात. ती जिथे होती तिथेच बसून राहिली. मुखरूनं फडकं ओलं केलं, राखेत बुडवलं आणि काचेवर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. आता त्याचा हात चांगला बसला होता. दहा बंगल्यांत तो ते एक काम मन लावून शिकला होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याची मान वर होती.

कर्र कर्र आवाज येत राहिला. राखेचा लेप चढला, त्यानं तो धुतला, पुन्हा चढवला, पुन्हा धुतला. मग सुक्या फडक्यानं काच कोरडी केली. आतून भागीरथा बघत होती. विहीर गेली, झाड गेलं. मुखरूच्या तोंडावरचे डोळे गेले, नाक गेलं, शेवटी टोपीचा एक पांढरा ठिपका तेवढा हलत राहिला.

"पाय ना जरा," ठिपका बाहेरून म्हणाला. "दिसून राह्यलो का मी अजून?"

"नाई," भागीरथा म्हणाली.

"मंग झाली हे," असं म्हणून तो पोतं ओढत पुढच्या काचेकडे गेला.